नव्या सायकलीचे पहिले दोनशे किलोमीटर

मे महिन्यात नांदेडला पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठ वाजता ऊन अंगाला चटके देऊ लागते. मधल्या दोन तासांत लातूर फाट्यावरून विष्णुपुरीकडे जाणारा रस्ता गजबजलेला असतो. फिरायला निघालेली जोडपी, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे, शासकीय रुग्णालयात डबा पोचवायला निघालेले नातेवाईक, आणि या सगळ्यांतून वाट काढणारा एखादा नवा सायकलस्वार. तो नवा आहे हे लांबूनच कळते. दांड्यावरचे प्लास्टिक अजून निघालेले नसते. सीट इतकी खाली की गुडघे हँडलला टेकायला आलेले. सपाट रस्त्यावरही गिअर असा जड लावलेला की प्रत्येक पायडलला खांदे डोलतात.

अशा बऱ्याच सायकली तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जिन्याखाली जातात आणि मग त्यांच्यावर टॉवेल वाळत पडतात. कारणे ठरलेली असतात. कंबर धरली, हाताला मुंग्या येतात, बूड दुखते, आता वय राहिले नाही. यातले वय सोडले तर बाकी सगळ्यांवर इलाज आहे आणि तो बहुतेक वेळा एका पान्याने होतो. नवी सायकल अंगवळणी पडायला ढोबळ हिशेबाने दोनशे किलोमीटर लागतात. रोजचे सात-आठ धरले तर महिना. पैसे मोजून झाले म्हणजे खरेदी झाली असे आपण समजतो. सायकलीच्या बाबतीत ती या महिन्यात पुरी होते.

हा महिना काढायला विष्णुपुरीचा रस्ता चांगला आहे. जुने नांदेड गोदावरीच्या उत्तर काठावर. पूल ओलांडला की सिडको-हडकोचे नवीन नांदेड लागते आणि तिथून पुढे विष्णुपुरी. शहरातून सारे मिळून आठ-दहा किलोमीटर. एकेकाळी गोदाकाठचे गाव आणि काळेश्वराचे मंदिर एवढीच याची ओळख होती. १९८१ मध्ये इथे श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे आवार इथे उभे राहिले. पुढे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही शहरातून इकडे आले. नदीवर विष्णुपुरी प्रकल्प. त्याच्या जलाशयाचे सरकारी नाव शंकरसागर, पण ते फलकावरच राहिले; पावसाळ्यात वर्तमानपत्रात ‘विष्णुपुरीचे दरवाजे उघडले’ असेच छापून येते. नांदेडकरांच्या नळाला येणारे पाणी इथलेच, आणि पंपांनी वर उचलून शेतीला दिले जाणारेही. सायकल शिकणाऱ्याच्या दृष्टीने सांगायचे तर दर दोन-तीन किलोमीटरवर थांबायला एक सबब आहे, चहाची टपरी आहे आणि फजिती झालीच तर रिक्षाही मिळते.

तशी मराठवाड्याला सायकल नवी नाही. दूधवाले, पेपरवाले, पोस्टमन, खेड्यावरच्या शाळेत जाणारे गुरुजी, सगळ्यांचा संसार तिच्यावर चालला. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने प्रत्येक तालुक्याला होती आणि पोरे तिथेच शिकली, तीही कैचीने. म्हणजे मोठ्यांची काळी सायकल घ्यायची, सीटपर्यंत पोचत नाही म्हणून एक पाय दांड्याखालून पलीकडे घालायचा आणि अर्धे-अर्धे पायडल मारत गल्ली गाठायची. कैचीतून दांड्यावर, दांड्यावरून सीटवर अशी बढती मिळे. ती सायकल वीस किलोच्या आसपास भरायची आणि तिला एकच गिअर. ॲटलसचा सोनीपतचा कारखाना १९५१ चा, लुधियानाची हीरो सायकल १९५६ ची. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला आणि २०२० मध्ये नेमक्या त्याच तारखेला ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. योगायोग असे निर्दयही असतात.

दरम्यान गरजेची सायकल मोटारसायकलने खाल्ली होती. ती उरली मुख्यतः शाळकरी मुलींकडे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही रस्त्यावर शाळेच्या वेळेला त्या रांगेने जाताना दिसतात. सकाळी महागड्या सायकलीवर डगमगत गेलेला हौशी स्वार आणि त्याच रस्त्यावरून मागे मैत्रीण, पुढे दप्तर घेऊन जाणारी नववीतली मुलगी यांची तुलना केली, तर तोल कुणाचा चांगला हे सांगायला परीक्षक लागत नाही.

आता दुकानातला पहिला घोटाळा पाहू. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचे, ‘बावीसची आहे का, चोवीसची?’ हा आकडा फ्रेमच्या उंचीचा, इंचात. माणूस उंच असेल तर चोवीसची, नाही तर बावीसची. आज विचारतात, ‘साडेसत्तावीसची का एकोणतीसची?’ हा आकडा चाकाचा. चाक मोठे म्हणजे सायकल मोठी असे धरून पाच फूट तीन इंचांचा माणूस मोठी फ्रेम घेऊन जातो आणि पुढे वर्षभर पाठ ताणून चालवतो. चाकाचे आकडे तर इतके फसवे आहेत, की जुन्या काळ्या सायकलीच्या ‘अठ्ठावीस इंची’ चाकाची रिम ६३५ मिलिमीटरची असते आणि नव्या ‘एकोणतीस इंची’ची ६२२. अठ्ठावीस हे एकोणतीसपेक्षा मोठे! म्हणून चाक सोडून द्यावे आणि फ्रेम विचारावी. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीला टेकवून उभे राहावे. दांडा आणि जांघ यांच्यात दोन-तीन बोटांची जागा उरली तर माप बरोबर. घरी बसून मागवलेल्या सायकलीत हीच चाचणी हुकते.

फ्रेम ठरली की सीट. आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची खोड आहे, आणि तिचे कारण भीती. दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत, असे वाटते. पण बसल्या जागी दोन्ही पाय पूर्ण टेकत असतील तर ती सीट बसायला बरी, चालवायला नाही. सोपी परीक्षा अशी: भिंतीला हात लावून सीटवर बसायचे, पायडल अगदी खाली न्यायचे आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला आपोआप हलका बाक येतो; मोजलाच तर पंचवीस-तीस अंशांचा. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून, वाटीपाशी दुखतो. फार वर असेल तर मागून दुखतो आणि कंबर डावी-उजवी हलायला लागते. ही खूण लक्षात ठेवली तर अस्थिरोगतज्ज्ञाकडची एखादी फेरी वाचते. थांबताना मात्र सीटवरून पुढे उतरून दांडा दोन पायांत घेऊन उभे राहायला शिकावे लागते. पहिल्या आठवड्यात हे विसरून सिग्नलला बाजूला कलंडणारे लोक पुष्कळ. लागत फारसे नाही, लाज वाटते.

बुडाच्या दुखण्याबद्दल लोक मोकळेपणी बोलत नाहीत, म्हणून दुकानातून मऊ जेलचे कव्हर आणतात आणि दुखणे वाढवून घेतात. बसताना आपला भार पडायला हवा तो ढुंगणाच्या दोन टोकदार हाडांवर. सीट फार मऊ असली की ही हाडे आत रुततात आणि मधल्या नाजूक भागावर, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, तिथे दाब येतो. म्हणून लांब जाणाऱ्यांच्या सीट टणक दिसतात. पहिले आठ-दहा दिवस दुखणे स्वाभाविक आहे, नव्या चपलेसारखेच. त्यानंतरही दुखत असेल तर सीटचे टोक वर उचललेले आहे का पाहावे आणि ते जमिनीला समांतर करावे. आत पॅड असलेली घट्ट चड्डी उपयोगी पडते, तिच्या आत दुसरी घालायची नसते. पण ती घालून कॉलनीतून निघायचे म्हणजे ओळखीच्या काकू समोर येणार हे नक्की. मग वरून सैल ट्रॅकपँट चढवली जाते आणि तिचा घोळ चेनमध्ये अडकतो. जुन्या गुरुजींनी पायजम्याला लावलेली क्लिप किंवा रबर इथे अजून चालते.

हाताला मुंग्या येतात त्या हँडलवर सगळे अंग टाकल्यामुळे. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने एक नस जाते, ती दाबली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. कोपरे थोडी वाकवून, बोटे सैल ठेवून, दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदलली की बराच फरक पडतो. एवढे करूनही खांदे भरून येत असतील तर हँडल दूर आहे. ते जवळ घेण्यासाठी आखूड स्टेम मिळतो. सगळी सायकल बदलावी लागत नाही.

ब्रेकचे प्रकरण वेगळे आणि जरा गंभीर. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी सायकल सोडली त्यांच्या बोटांना जुने दांडीचे ब्रेक आठवत असतात. ते जोर लावून दाबावे लागत आणि पावसात तर देवाचे नाव घ्यावे लागे. नव्या सायकलीचा डिस्क ब्रेक एका बोटाने चाक थोपवतो. समोर कुत्रे आले, जुन्या सवयीने सगळी मूठ आवळली, की पुढचे चाक जागच्या जागी थांबते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून पुढचा ब्रेक वापरायचाच नाही असा सल्ला काही जण देतात, तो चूक. ब्रेक लावताना अंगाचा भार पुढे सरकतो, मागचे चाक हलके होते आणि नुसते घसरते. खरे थांबवते ते पुढचेच चाक. आपल्याकडे साधारणपणे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण काही सायकलींवर उलटे असते, म्हणून घेतल्या दिवशी तपासावे. विद्यापीठाच्या बाजूच्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास हाच सराव करावा: दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे आणि बूड सीटवर मागे सरकवायचे. कुत्र्यांचे म्हणाल तर, ती पळत्या सायकलीमागे लागतात. उतरून सायकल मध्ये धरून चालू लागले की बहुतेकांचा त्यातला रस जातो.

गिअरची भीती आकड्यांमुळे वाटते. एकवीस, चोवीस, सत्तावीस. प्रत्यक्षात रोज लागतात ते चार-पाच. पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे सहज मारत असतील तर गिअर ठीक. सरावाने ऐंशी-नव्वदपर्यंत जाता येते. जोर लावून हळू फिरवण्यापेक्षा हलके आणि भरभर फिरवलेले गुडघ्याला मानवते. चढ दिसला की तो सुरू होण्याआधी गिअर हलका करायचा. चढावर अडकल्यावर बदलायला गेले तर चेन कडकडते आणि कधी उतरतेही. पुढची मोठी चकती आणि मागचीही मोठी चकती अशी जोडी टाळावी. चेन तिरकी ताणली जाऊन झिजते.

आणि वारा. शहरात तो जाणवत नाही, विष्णुपुरीच्या पुढे लातूरच्या दिशेने मोकळे शिवार लागले की जाणवतो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. ताशी वीसच्या पुढे गेल्यावर सपाट रस्त्यावरचे बहुतेक श्रम हवाच खाते. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, लातूर बालाघाटाच्या पठारावर सहाशेच्या घरात. लातूर नांदेडच्या नैर्ऋत्येला आहे आणि पावसाळी वारे त्याच बाजूने येतात. म्हणजे जुलैत लातूरच्या वाटेवरच्या लोह्याकडे निघालेला माणूस जाताना चढ आणि उलटा वारा दोन्ही अंगावर घेतो, आणि येताना दोन्ही पाठीशी असतात. हाच क्रम बरा. हिवाळ्यात वारा ईशान्येचा झाला की हिशेब उलटतो: गेलेला माणूस ‘आज काय पाय चालतायत!’ म्हणत वीस किलोमीटर जातो आणि परत फिरल्यावर त्याला कळते की पाय नव्हते चालत.

हिवाळ्यात, ऊसतोडीच्या हंगामात, आणखी एक जपायचे. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. डिसेंबरात पावणेसातपर्यंत उजाडत नाही, त्यामुळे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दोन्ही हवेत.

रस्त्याकडेला सायकल उभी करताना खाली पाहावे. मराठवाड्याच्या बांधावर आणि कडेला सराटा पसरलेला असतो, ज्याला वैद्यकात गोखरू म्हणतात. त्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वरच राहते. इंग्रजीत या झाडाचे एक नावच मुळी ‘पंक्चर वाइन’ आहे. त्यात भर बाभळीच्या काट्याची. पावसाळ्यात काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी बसते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही, काडीने उकरावी लागते. म्हणून टायरमध्ये पुरेशी हवा, एक जादा ट्यूब, दोन प्लास्टिकचे लिव्हर आणि छोटा पंप सोबत असावा. हवा किती ते टायरच्या बाजूवरच छापलेले असते. कमी हवेत खड्ड्यातून गेले की ट्यूब रिमखाली चिमटून सापाच्या दंशासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात.

पहिल्या महिन्यात सायकलही बदलते. नव्या तारा ताणतात, त्यामुळे गिअर एका जागी नीट बसत नाहीत आणि ब्रेक सैल लागतो. चाकाचे आरे आपापल्या जागी बसतात, कधी रिम किंचित डुलायला लागते. यात बिघाड काही नाही, पण महिन्याने मिस्त्रीला दाखवणे आवश्यक. खोक्यातून आलेली सायकल घरीच जोडणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवे पायडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होते, डावे विरुद्ध दिशेने. हे माहीत नसल्याने जोर लावून आटे खराब केलेली क्रँक मिस्त्रीकडे नेहमी येते आणि तो काही न बोलता नुसता बघतो.

महिना सरला की माणसाला पल्ल्याची हाव सुटते. नांदेडहून लोहा तीसेक किलोमीटर. त्याच्या अलीकडे वडेपुरीची रत्नेश्वरी, पलीकडे खंडोबाच्या यात्रेचे माळेगाव. पुढे अहमदपूर, चाकूर करत लातूर. महाराष्ट्रात या हौसेला डॉक्टरांनी फार मनावर घेतलेले दिसते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली; २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. सामान्य हौशी माणसासाठी बीआरएम असते. मूळ फ्रान्समधली ही रीत. तिच्यात शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, वाटेतल्या ठाण्यांवर शिक्का घ्यायचा. तीनशेला वीस तास, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. एका हंगामात चारही केले की ‘सुपर रँडोनर’. महिनाभरात झालेले दोनशे किलोमीटर एका दिवसात करायचे म्हटल्यावर सीटच्या उंचीतला दोन बोटांचा फरक केवढा असतो ते समजते.

पण त्याच्या बऱ्याच आधी, लोह्याच्या रस्त्यावर कुठेतरी, पहिले पंक्चर होते. जवळची ट्यूब वापरून झालेली असते. ट्रॅक्टरचे टायर काढणारे एखादे दुकान गाठावे लागते. तिथला माणूस पाण्याच्या टबात ट्यूब फिरवून बुडबुडा शोधतो, कानस मारतो, पॅच बसवतो. मग हवा भरायला जातो आणि अडतो: भारी सायकलींचा वॉल्व्ह बारीक असतो, त्याच्या कॉम्प्रेसरचे तोंड त्यावर बसत नाही. यासाठी बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर मिळतो. तो ज्याच्या खिशात असेल त्याची सुटका, नाही तर लहान पंपाने दीडशे-दोनशे ठोके. तोवर भोवती चार माणसे जमलेली असतात. कुणी गिअर खटखट करून बघतो, कुणी एका हाताने सायकल उचलून बघतो. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘केवढ्याला पडली?’ आणि स्वार घरी जो आकडा सांगितला होता तोच, अर्धाच, इथेही सांगतो.